नळीतला हिरवा ठिपका

सायकलच्या पायडल-दांड्याचं तिसरं बेअरिंगही मेलं, तेव्हा सो-लानने ते आणून थेट लेकीच्या वाडग्याशेजारी आदळलं.

"हे घे. सोळा दिवस! सोळा दिवसांत अख्खं बॉटम ब्रॅकेट खाणारी अख्ख्या दाजियात तू एकटीच असशील. नूडल्सनी पोट भरत नाही का गं तुझं?"

पिन-रूने घास तसाच गालात ठेवला. "मी काय केलं? मी फक्त चालवते."

"चालवतेस आणि मग धुतेस. ती पाण्याची बंदूक घेऊन, म्हैस धुतल्यासारखी! शंभरदा सांगितलं, क्रँकपाशी फवारा मारू नकोस. पाणी आत घुसतं, ग्रीस वाहून जातं, मग छर्रे काय हवेवर फिरणार?"

"या वेळी फडक्याने पुसली होती. चिवासला विचार."

चिवास समोरच बसली होती. पिन-रूच्याच शर्यतीच्या संघातली, वर हेपिंगच्या डोंगरातल्या गावची पोर. आठवड्यातले चार दिवस ती याच घरी जेवायची. "खरंय मावशी," ती म्हणाली. "फडकंसुद्धा माझंच होतं. माझा जुना टी-शर्ट."

"तू गप्प जेव. चोराची साक्षीदार! तुझी सायकल म्हणजे लोखंडी डुक्कर, पण तिचं कधी काय बिघडतं? कधी बेअरिंग मागायला आलीस?"

"डुक्करच आहे ते, मावशी. चढावर मीच त्याला चालवत नेते."

मुली खिदळल्या. सो-लानलाही हसू आलं, पण तिने ते दाबलं, कारण तिचा जीव खरोखर जळत होता. टेकडीच्या पायथ्याशी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवून तिला बावीस वर्षं झाली होती. एखादी वस्तू का मरते हे आपल्याला कळू नये, याचा तिला भारी राग.

टेबलाच्या टोकाला तिचे वडील किम-छिऊ बसले होते. वय एकाहत्तर. म्हाताऱ्याने हात लांब करून बेअरिंग उचललं, कडं दोन बोटांत धरलं आणि फिरवलं. कर्र, कर्र. वाळू चावल्यासारखं. मग चष्मा कपाळावर चढवून त्याने दोन्ही बाजूंची कडी उजेडात धरली.

पाण्याने मेलेलं बेअरिंग चहूकडून गंजतं. जास्त आवळलेलं दोन्ही अंगांनी सारखं घासतं. हे तसं नव्हतं. डाव्या कड्याला खड्डे पडले होते ते फक्त वरच्या अंगाला, उजव्याला फक्त खालच्या. म्हणजे दोन कड्यांमधला दांडा आडवा बसतच नव्हता, तिरका रेटत होता.

"फ्रेमची नळी तपासलीस का?" त्याने लेकीला विचारलं.

"तपासली ना, आपा. दोनदा पट्टी लावली. तोंडं अगदी सरळ आहेत."

"रिकामी असताना सरळ."

"मग काय पिन-रूला वर बसवून मापू?" सो-लान म्हणाली आणि दुकानात कोणी हाक मारली म्हणून निघून गेली.

म्हाताऱ्याचा चहा तसाच राहिला.

जेवणं झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला. राखी फ्रेम आकड्याला टांगलेली होती. दीड महिन्यापूर्वी पिन-रूने ती फेंगयुआनच्या एका दुकानातून स्वस्तात उचलली होती. रंगात खोट निघाली म्हणून परदेशी न गेलेला माल. आणली तेव्हा केवढी नाचली होती! "आकोंग, तुमच्याच कारखान्यातली आहे! कोण जाणे, तुमच्याच हाताखालून गेली असेल." आणि आमचा शहाणा आजोबा छाती फुगवून म्हणाला होता, "असेल, असेल."

त्याने टॉर्च पेटवला. फ्रेमच्या पोटात जी आडवी नळी असते, क्रँकचा दांडा जिच्यातून जातो, तिच्यात त्याने उजेड पाडला. मधोमध, जिथे आटे पोचत नाहीत तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता.

तो त्याचाच ठिपका. एकतीस वर्षं तो कारखान्यात फ्रेमी सरळ करायच्या कामावर होता. सरळ झालेली फ्रेम मापात बसली की आत ब्रशच्या टोकाने हिरवा ठिपका. हिरवा म्हणजे किम-छिऊ मिस्त्रीची जबान. मग वरचा साहेब पुन्हा माप घ्यायचासुद्धा नाही.

त्याने फ्रेम उलटी केली. नळीच्या तळाला ठोकलेला नंबर अंगठ्याने पुसला. वर्ष तेच, तीन वर्षांपूर्वीचं. आठवडा सोळावा.

म्हातारा तिथेच रंगाच्या डब्यावर बसला.

फ्रेम सरळ करणं म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकतो, नाहीतर या माणसाचं तोंड का उतरलं ते कळायचं नाही. अल्युमिनियमच्या नळ्या जोडून झाल्या की फ्रेम भट्टीत जाते आणि तिथून सरळ थंड पाण्यात. पाण्यातून निघते ती वाकडीतिकडी होऊनच, पण निघते मऊ. चार-पाच तास ती ऐकते. तेवढ्यात तिला पाटावर आवळायचं, लांब दांडा अडकवायचा, अंगाचा भार द्यायचा, माप बघायचं, पुन्हा भार द्यायचा. हे वाचून येत नाही, तळहाताला कळावं लागतं. चार-पाच तास उलटले की धातू आपला आपण कडक होत जातो. मग फ्रेम ऐकत नाही. तरी रेटलीत, तर ती वाकल्याचं सोंग करते आणि आतून तडकते.

तीन वर्षांपूर्वी पिन-रू उतारावर पडली होती. डोक्याला मार. ताइचुंगच्या इस्पितळात ती नऊ दिवस डोळे मिटून होती. नवव्या दिवशी मात्सू देवीची पालखी गावोगाव फिरून दाजियाला परत येणार होती. त्या वाटेवर माणसं रस्त्यात ओळीने पालथी झोपतात आणि पालखी त्यांच्या अंगावरून जाते. दुखणाइतासाठी घरचं कोणी झोपलं तरी चालतं.

दुपारी एक वाजता पाण्यातून छत्तीस फ्रेमी निघाल्या, घोडीवर टांगल्या गेल्या. किम-छिऊने घड्याळ पाहिलं, हातमोजे काढले आणि जोडीदाराला म्हणाला, "तासाभरात आलो."

तासाभरात! देवीची पालखी कधी वेळेवर आली आहे का? प्रत्येक गल्ली तिला आपल्याकडे ओढते, प्रत्येक दुकानदाराला आपल्या दारात फटाके लावायचे असतात. हे दाजियातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि किम-छिऊला तर जन्मापासून ठाऊक होतं. तरी तो गेला आणि सहा तास डांबरावर बसून राहिला. उठून परत यावं असं दोनदा मनात आलं, दोनदा त्याने ते झटकलं. शेवटी पालखी आली. तो पालथा झोपला, गाल रस्त्याला टेकवला. भोयांच्या घामाचा आणि उदबत्तीचा वास अंगावरून गेला. त्याने फक्त नातीचं नाव घेतलं. सव्वासातला सो-लानचा फोन आला. ती रडत होती. पिन-रूने डोळे उघडले होते.

त्यानंतर सणाचे दोन दिवस कारखाना बंद. तिसऱ्या सकाळी तो घोडीपाशी उभा राहिला तेव्हा फ्रेमींनी काय ऐकायचं? टणक झाल्या होत्या. खरं काम एकच होतं: सगळ्या पुन्हा भट्टीत पाठवायच्या. पण मग पाठवताना विचारलं गेलं असतं, कोणी ठेवल्या या अशा? मालाचा कंटेनर त्याच आठवड्यात निघायचा होता. किम-छिऊने दांडा उचलला.

अकराव्या फ्रेमला आवाज आला. टिक्. नख कापल्यावर येतो तेवढाच. त्याने थांबून नळीचा जोड बघितला, बोट फिरवलं, काही दिसलं नाही. मग बारावी घेतली. छत्तीस फ्रेमींत छत्तीस हिरवे ठिपके. वर्षअखेर त्याने काम सोडलं. लोक म्हणाले, मिस्त्रीने नवस फेडला.

आता ती फ्रेम घरी आली होती, आणि पायडलवर भार पडला की तिची नळी जोडापाशी हलत होती. बेअरिंग बिचारं काय करणार? ते मरून मरून सांगत होतं.

रविवारी शर्यत होती. हेपिंगच्या डोंगरातला उतार, दगड, मुळं, माणसाच्या उंचीच्या उड्या.

सांगावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. सो-लान दुकानात हातात पाना घेऊन उभी होती, तिच्या पाठीशी जाऊन तो उभाही राहिला. पण बोलायचं काय? एकतीस वर्षांचा हिरवा ठिपका खोटा, हे? की तुझ्या लेकीचे डोळे उघडले त्याची किंमत छत्तीस अनोळखी माणसांच्या गळ्यात बांधून आलो, हे? पालखीची ती गोष्ट घरात दर सणाला सांगितली जायची. पिन-रू स्वतः सांगायची, मिठी मारून. म्हाताऱ्याला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती वाटली. नात आपल्याकडे पुन्हा तशी बघणार नाही याची भीती.

"काय हवंय, आपा?" सो-लानने विचारलं.

"ही फ्रेम ठेवू नका. माल हलका आहे."

"तुमच्याच कारखान्यातला ना?"

"म्हणूनच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या पुंजीतून नवी कोरी फ्रेम आणली. निळी. पिन-रू अंगणातच किंचाळली, म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. "आकोंग, तुम्ही वेडे आहात का हो? एका बेअरिंगपायी फ्रेम?"

"असू दे वेडा."

"आणि राखीचं काय करू?"

"भंगारात घाल."

"एवढी चांगली फ्रेम? रंग तेवढा—"

"घाल म्हटलं ना भंगारात!"

तो तिच्यावर जन्मात ओरडला नव्हता. दुकानातून सो-लान डोकावली. "ओरडताय कशाला, आपा? तिने काय तुमचं घोडं मारलंय?"

दुपारी कोणी नसताना त्याने करवत घेतली. राखी फ्रेम शिकंज्यात आवळली. नळीच्या जोडावर पातं टेकवलंसुद्धा. एकदा कापली असती तर प्रश्नच मिटला असता. पण कापलेल्या जोडात तडा दिसला असता. सो-लानला धातू वाचता येतो, तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? पुढच्या खोलीत तिची चप्पल वाजली. त्याने फ्रेम सोडवली, पुन्हा आकड्याला लावली आणि करवत जागच्या जागी ठेवली. भंगारवाला गुरुवारी येतोच, असं त्याने स्वतःला सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी आकडा रिकामा दिसला, तेव्हा त्याने कितीतरी दिवसांनी पोटभर भात खाल्ला.

रविवारी सगळे डोंगरात गेले. शर्यत वरून सुटायची, शेवट खाली नदीकाठच्या मैदानात. तिथे मांडव होते, लाउडस्पीकर होता आणि लाल आकड्यांचं मोठं घड्याळ. वर कोण सुटलं ते लाउडस्पीकरवर ऐकू यायचं: पाच पिप्, आणि नाव. दर मिनिटाला एक जण.

चिवासचं गाव जवळच, तिथली निम्मी माणसं खाली बसली होती. तिच्या आईने किम-छिऊला चटईवर जागा केली आणि पानात गुंडाळलेली राळ्याची वडी हातात दिली. "खा, मिस्त्री. माझी पोर तुमच्या घरचंच खाऊन वाढतेय, तुम्ही एवढं तरी खा."

पिन-रू आधीच खाली पोचली होती, नऊ नंबर. निळ्या फ्रेमवरून चिखलाने माखून आली, एका उडीवर हात सोडून ओरडलीसुद्धा. वेळ चांगली लागली होती. ती घामाघूम होऊन आजोबांशेजारी येऊन बसली, त्यांच्याच हातातली अर्धी वडी तिने पळवली.

"बेअरिंग कसं आहे?" त्याने विचारलं.

"मस्त! आवाज नाही, काही नाही. आकोंग, तुम्ही म्हणालात ते खरंच, ती फ्रेमच नतद्रष्ट होती." मग ती लबाड हसली. "म्हणजे माझ्यासाठी. चिवासला बघा कशी मानवते."

"चिवासला काय?"

"ओरडणार नसाल तर सांगते."

"सांग."

"भंगारात नाही घातली मी. जीवच होईना. तिचं ते डुक्कर किती जड आहे, तुम्हाला ठाऊक आहे ना? काल आईने नवं बेअरिंग बसवून दिलं, काळा रंग मारला आम्ही. ओळखणारसुद्धा नाही तुम्ही." तिने वर डोंगराकडे बोट केलं. "तेवीस नंबर. आता सुटेलच."

लाउडस्पीकरवर पाच पिप् वाजल्या. बाविसाव्या नंबरचं नाव आलं.

म्हातारा उठून उभा राहिला. वडी चटईवर पडली. "तिला थांबव."

"काय?"

"वर फोन लाव. थांबवायला सांग तिला."

"आकोंग, शर्यत आहे ही. काय म्हणून थांबवतील?"

एक मिनिट होतं. पूर्ण एक मिनिट. खरं बोलायला किती वेळ लागतो? पण तीन वर्षं दाबलेली गोष्ट तोंडातून सुटेना. बाजूला चिवासची आई त्याच्याकडे बघत होती. किम-छिऊ म्हणाला, "बेअरिंग. बेअरिंग खराब आहे म्हणावं."

पिन-रू हसली. "काल बसवलंय हो! आईने माझ्यासमोर. फिरवून दाखवलं."

"आवाज करतं."

"नाही करत. तुम्ही बसा बरं, ऊन लागलंय तुम्हाला."

"पिन-रू, फोन लाव!"

त्याचा आवाज ऐकून तिचं हसू गेलं. तिने फोन काढला, हात पुसला, नंबर शोधू लागली. "पण काय सांगू, आकोंग? त्यांना नीट कारण लागतं. काय सांगू मी?"

"नळी," तो म्हणाला. "नळीला तडा आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

हाच तो प्रश्न. याच प्रश्नासाठी त्याने करवत खाली ठेवली होती.

पिप्. पिप्.

"मी तडकवली," म्हातारा म्हणाला. "मी. त्या दिवशी मी पालखीखाली झोपलो होतो ना..."

"हो, माझ्यासाठी," पिन-रू म्हणाली. तिला काहीच समजलं नव्हतं. फोन कानाला होता, तिकडे घंटी वाजत होती.

"त्या फ्रेमी तशाच ठेवून गेलो होतो. कडक झाल्या. नंतर रेटून सरळ केल्या, छत्तीसच्या छत्तीस. ही त्यांतलीच."

पिप्. पिप्. पिप्. "नंबर तेवीस," लाउडस्पीकर म्हणाला, आणि चिवासचं नाव घेतलं. चटईवरची सगळी माणसं टाळ्या वाजवत उठली. तिच्या आईने दोन्ही हात वर केले.

वर कोणीतरी फोन उचलला. पिन-रू ओरडत होती, तेवीसला अडवा, मधे कुठेतरी अडवा, फ्रेम मोडणार आहे. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा काय, काय म्हणत होता. घड्याळाचे लाल आकडे पळत होते. सो-लान मांडवातून धावत आली, कोणाला काय झालं ते विचारू लागली. पिन-रू फक्त आजोबांकडे बघत होती. ज्या नजरेला तो तीन वर्षं भ्यायला होता, ती हीच.

बाविसावा नंबर आला, गेला. टाळ्या झाल्या.

उतार पार करायला साडेतीन मिनिटं लागायची. साडेतीन झाली. चार झाली. चिवासची आई अजून हसतच होती, पुढे वाकून वळणाकडे बघत होती. म्हाताऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, पण त्याच्याच्याने ठेववेना.

मग झाडांमागून साखळीचा खडखडाट ऐकू आला. टायर दगडांवर आपटत वळणावर आले. "आली!" आई ओरडली, सगळं गाव ओरडलं, आणि सायकल उन्हात आली.

तिच्यावर चोवीस नंबर होता.